फिफाचा पैसा तुमचाच आहे

२७ मे २०१५, बुधवार. झुरिकमधल्या ‘बाउर ओ लाक’ या उंची हॉटेलात साध्या वेशातले स्विस पोलीस भल्या पहाटे आले, स्वागतकक्षातून खोल्यांच्या किल्ल्या घेतल्या आणि जागतिक फुटबॉलच्या सात बड्या पदाधिकाऱ्यांना झोपेतून उठवून घेऊन गेले. बाहेरच्या कॅमेऱ्यांना चेहरे दिसू नयेत म्हणून हॉटेलच्या नोकरांनी पांढऱ्या चादरी आडव्या धरल्या होत्या. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये जे आरोपपत्र खुलं झालं त्यात १४ आरोपी होते, ४७ आरोप होते आणि दोन तपांच्या काळात खाल्लेल्या लाचेचा आकडा १५ कोटी डॉलरच्या वर होता.

चादरींचे ते फोटो जगभर छापून आले. मला मात्र त्यानंतर दोन दिवसांनी घडलेली गोष्ट जास्त बोलकी वाटते. शुक्रवारी, २९ मेला, झुरिकमधल्याच हालेनस्टाडियॉनमध्ये फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाची, सर्वसाधारण सभा भरली आणि अध्यक्षाची निवडणूक झाली. एका बाजूला १७ वर्षं खुर्चीवर असलेले, वयाची ७९ वर्षं पूर्ण केलेले सेप ब्लाटर. दुसऱ्या बाजूला जॉर्डनचे प्रिन्स अली. मतदान गुप्त होतं, कोणाला घाबरायचं कारण नव्हतं. ब्लाटर यांना १३३ मतं पडली, अलींना ७३. दुसऱ्या फेरीची वाट न पाहता अलींनी माघार घेतली आणि ब्लाटर यांनी व्यासपीठावरून ‘लेट्स गो फिफा’ अशी आरोळी ठोकली. चार दिवसांनी त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली हे खरं, पण ती बाहेरून आलेल्या दबावामुळे. सभेने त्यांना काढलं नव्हतं. सभेने त्यांना निवडून दिलं होतं.

हे १३३ प्रतिनिधी सगळेच लाचखाऊ होते का? मला तसं वाटत नाही. त्यांतल्या बहुतेकांनी पूर्ण शुद्धीत, आपापल्या देशाच्या हिताचा हिशेब करून मत दिलं असणार. रोग आहे तो त्या हिशेबात. साखर कारखान्याच्या किंवा जिल्हा बँकेच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या माणसाला तो निकाल फारसा चक्रावून टाकणार नाही. चौकशी चालू असलेलं पॅनेलच पुन्हा निवडून येतं, तेव्हा मत देणारा शेतकरी मूर्ख नसतो. आपला ऊस वेळेवर कोण तोडून नेणार आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

हा हिशेब कुठून आला ते समजायला १९७४ सालात जावं लागतं. तोवर फिफा म्हणजे युरोपातल्या सभ्य गृहस्थांचा क्लब होता आणि अध्यक्ष होते इंग्लंडचे सर स्टॅन्ली राऊस. माणूस पैशाच्या बाबतीत स्वच्छ. पण १९६६च्या विश्वचषकात आफ्रिकेला हक्काची एकही जागा नव्हती. आफ्रिकेच्या विजेत्याने आशिया-ओशेनियाच्या विजेत्याशी पुन्हा झुंजायचं आणि मग एकाने आत यायचं, असा नियम होता. आफ्रिकी देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कारच टाकला. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या संघटनेला राऊस सांभाळून घेत, हे दुखणं वेगळंच. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांकडे मतं होती, मान नव्हता. ब्राझीलच्या जुआंव आवेलांज यांनी हे नेमकं हेरलं. देशोदेशी फिरून त्यांनी जागा वाढवण्याचं, तरुणांच्या स्पर्धा सुरू करण्याचं, प्रशिक्षक पाठवण्याचं वचन दिलं आणि फ्रँकफर्टच्या सभेत राऊस यांना पाडलं.

आणि वचनं पाळली. फिफाच्या भ्रष्टाचारावर लिहिताना ही गोष्ट अनेकजण गिळून टाकतात, म्हणून मुद्दाम सांगतो. १९७७ साली तरुणांची पहिली जागतिक स्पर्धा ट्युनिशियात झाली. १९८२च्या विश्वचषकात १६ऐवजी २४ संघ खेळले. स्वच्छ राऊस यांनी जे दिलं नाही ते आवेलांज यांनी दिलं. त्यासाठी लागणारा पैसा कोका-कोला आणि आदिदास यांच्याकडून आला, आणि या पैशाबरोबर आदिदासचे होर्स्ट डासलरही आले. खेळाचा खरा माल मैदानात नसून दूरचित्रवाणीच्या हक्कांत आहे, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. १९८२मध्ये त्यांनी आयएसएल नावाची कंपनी काढली. फिफाचे हक्क ती विकत घेई आणि पुढे जगभर विकत असे.

लाचेचं यंत्र चालतं ते इथे, आणि ते थोडं उलगडून पाहायला हवं. समजा एखाद्या स्पर्धेच्या प्रक्षेपणहक्कांची बाजारातली किंमत शंभर रुपये आहे. संघटनेने खुला लिलाव केला तर शंभराच्या आसपास येतील. पण लिलाव होतच नाही. हक्क एका ओळखीच्या कंपनीला साठ रुपयांत, आणि तेही पुढच्या तीन-चार स्पर्धांसाठी एकदम दिले जातात. कंपनी ते शंभराला विकते. मधल्या चाळीसांतले दहा, ज्यांनी सही केली त्यांच्या खात्यावर जातात. संघटनेच्या हिशेबात साठ आले आणि साठ लिहिले. लेखापरीक्षकाला काहीच सापडत नाही, कारण चोरी झाली आहे ती कधी जमाच न झालेल्या पैशाची. फुटबॉलमध्ये लाच खाल्ली तर कोणाचं काय बिघडलं, गरिबाच्या ताटातलं थोडंच घेतलं, असं विचारणारे भेटतात. त्या जमा न झालेल्या चाळीस रुपयांत मैदानं होती, पंचांचे पगार होते, मुलींच्या संघांचे प्रवासखर्च होते. जे कधी बांधलंच गेलं नाही त्याच्यासाठी मोर्चा कोण काढणार?

२००१मध्ये आयएसएल दिवाळखोरीत गेली आणि तिची वहीखाती स्विस न्यायालयासमोर आली. साधारण १४ कोटी फ्रँक खेळातल्या अधिकाऱ्यांना ‘कमिशन’ म्हणून गेले होते. आवेलांज यांच्याकडे १९९७मध्ये किमान १५ लाख फ्रँक गेले. त्यांचे एकेकाळचे जावई आणि ब्राझीलच्या फुटबॉल संघटनेचे प्रमुख रिकार्डो टेशेरा यांच्याकडे १९९२ ते १९९७ या काळात किमान १ कोटी २७ लाख. हे कागद लोकांसमोर यायला २०१२ साल उजाडलं. आणि हे घेणं त्या काळच्या स्विस कायद्यात गुन्हाच नव्हतं, कारण लाच सरकारी नोकराने खाल्ली तर लाच, खाजगी मंडळाच्या पदाधिकाऱ्याने खाल्ली तर तो व्यवहार. त्यातला एक किस्सा तर नाटकात शोभेल. आवेलांज यांच्यासाठीचे १५ लाख फ्रँक चुकून थेट फिफाच्याच खात्यात जमा झाले होते. ब्लाटर तेव्हा सरचिटणीस. त्यांनी काय केलं? पैसे आपले नाहीत म्हणून परत पाठवले. कशाचे, कोणासाठी, ही चौकशी मात्र नाही. फिफाच्याच नीतिसमितीचे न्यायाधीश हान्स-योआखिम एकर्ट यांनी २०१३मध्ये या वागण्याला ‘गबाळं’ ठरवलं, गैर नव्हे. आमच्याकडे याला डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात.

दक्षिण अमेरिकेत हेच यंत्र जास्त उघडपणे चाललं. तिथल्या महासंघाचं मुख्यालय पराग्वेमधल्या लुके गावात आहे, आणि १९९७मध्ये पराग्वेने खास कायदा करून त्या इमारतीला परकीय वकिलातीसारखं संरक्षण दिलं होतं. पोलिसांनी आत पाऊल टाकायचं नाही. तो कायदा रद्द झाला तो २०१५च्या अटकांनंतर. प्रक्षेपणहक्कांचा व्यापार करणाऱ्या ब्राझीलच्या ट्रॅफिक कंपनीचे जोझे आविला यांनी गुन्हा कबूल करून १५ कोटी १० लाख डॉलर परत करण्याचं मान्य केलं. एवढे परत देऊनही माणूस रस्त्यावर येत नाही, यावरून मूळ रकमेचा अंदाज बांधावा. आणि जोझे मारिया मारीन! हे गृहस्थ २०१२मध्ये तरुणांच्या एका स्पर्धेच्या बक्षीस समारंभात एक पदक गुपचूप खिशात टाकताना कॅमेऱ्यात सापडले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच ते ब्राझीलच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले. झुरिकच्या हॉटेलातल्या सातांत तेही होते, आणि पुढे न्यूयॉर्कच्या ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं.

उत्तर आणि मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटं यांच्या महासंघात त्रिनिदादचे जॅक वॉर्नर अध्यक्ष आणि अमेरिकेचे चक ब्लेझर सरचिटणीस अशी जोडी दोन दशकं होती. ब्लेझर यांच्या करारातच दहा टक्के कमिशनची तरतूद होती. टक्केवारी हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पण ती लेखी करारात, सही-शिक्क्यानिशी घेण्याची हिंमत आमच्या नगरपालिकांत अजून कोणी केलेली नसावी. न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये त्यांची राहण्याची सोय होती आणि शेजारचं घर त्यांच्या मांजरांकडे असल्याचं सांगितलं जातं. कर चुकवल्याबद्दल अमेरिकी तपासयंत्रणेने गाठल्यावर हेच ब्लेझर खबरे झाले. किल्लीच्या जुडग्यात ध्वनिमुद्रक लपवून ते २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जुन्या मित्रांना भेटत होते. १९९८ आणि २०१० या दोन्ही विश्वचषकांच्या यजमानपदाच्या निवडीत लाच घेण्याच्या कटात आपण होतो, असं त्यांनी न्यायालयात कबूल केलं.

मे २०११मध्ये त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन इथे कॅरिबियन संघटनांची बैठक झाली. अध्यक्षपदासाठी ब्लाटर यांच्याविरुद्ध उभे राहिलेले कतारचे मोहम्मद बिन हम्माम भाषण करून गेले. दुपारी प्रतिनिधींना एकेक करून एका खोलीत बोलावण्यात आलं आणि बंद पाकिटं देण्यात आली. प्रत्येकात ४०,००० डॉलर रोख. बहामाच्या उपाध्यक्षाने नोटांचा फोटो काढला, वर कळवलं आणि पाकीट परत केलं. बोभाटा झाला तेव्हा वॉर्नर यांनी सगळ्यांना जमवून झाडलं. कोणाला फार धर्मात्मा व्हायचं असेल तर त्याने जाऊन चर्च उघडावं, आपलं काम आपल्यापुरतं, असा त्याचा मथितार्थ. ते चित्रीकरण पुढे बाहेर आलं. वॉर्नर आपल्यावरचे आरोप नाकारत आले आहेत. फिफाने त्यांना २०१५मध्ये आजन्म बंदी घातली, पण ते अमेरिकेच्या हाती लागलेले नाहीत.

इथे एक बारकावा आहे. बिन हम्माम यांच्यावर कारवाई झाली, पाकिटं निषिद्ध ठरली. पण त्याआधी अनेक वर्षं हेच बिन हम्माम फिफाच्या ‘गोल’ योजनेच्या समितीचे प्रमुख होते. ब्लाटर यांनी १९९९मध्ये सुरू केलेल्या या योजनेतून छोट्या देशांना मैदानं आणि कार्यालयं बांधून मिळत. कोणाला काय द्यायचं हे वर बसलेले ठरवत आणि उद्घाटनाच्या फिती कापायला अध्यक्ष स्वतः जात. मग प्रश्न पडतो की चाळीस हजारांचं पाकीट वाईट आणि चार लाखांचं बांधकाम चांगलं, हे का? बांधकाम निदान जमिनीवर दिसतं, मुलं त्यावर खेळतात. मान्य. पण निवडणुकीच्या तराजूत दोन्हींचं वजन एकाच पारड्यात पडतं. पाकीट वाटणारा उघडा पडला, कारण त्याच्याकडे अंदाजपत्रक नव्हतं. ज्याच्याकडे होतं तो त्या वर्षी बिनविरोध निवडून आला.

युरोपातली वर्तमानपत्रं या टप्प्यावर नेहमी एक सूर लावतात. एवढ्याएवढ्या बेटांना मत कशाला, गरीब देशच विकले जातात, वगैरे. त्या मंडळींनी जर्मनीकडे पाहावं. जुलै २०००मध्ये २००६च्या विश्वचषकासाठी जर्मनीने दक्षिण आफ्रिकेला १२ विरुद्ध ११ मतांनी हरवलं. पंधरा वर्षांनी ६७ लाख युरोंची एक वाट बदलून गेलेली रक्कम बाहेर आली, जर्मन संघटनेचे अध्यक्ष वोल्फगांग नियर्सबाख यांना पायउतार व्हावं लागलं आणि दिग्गज खेळाडू फ्रान्स बेकेनबाउअर यांच्यासारख्या देवमाणसाच्या शेवटच्या वर्षांवर सावली पडली. हा पैसा नेमका कशासाठी होता, यावरचा वाद वर्षानुवर्षं चालत राहिला. हात ओले करणं हे गरिबीचं लक्षण नाही. २०१८ आणि २०२२चे यजमान २ डिसेंबर २०१०ला फिफाच्या कार्यकारी समितीतल्या २२ माणसांनी ठरवले. २४ असायला हवे होते, पण मतांच्या बदल्यात पैसे मागताना वार्ताहरांच्या सापळ्यात सापडल्यामुळे दोघे मतदानाआधीच निलंबित झाले होते. उरलेल्यांत श्रीमंत देशांचे लोक भरपूर होते. त्या मतदानाची चौकशी करणारे अमेरिकी वकील मायकेल गार्सिया यांनी सविस्तर अहवाल दिला, एकर्ट यांनी त्याचा ४२ पानी सारांश काढला, आणि सारांशात आपला अहवाल ओळखू येत नाही म्हणून गार्सिया राजीनामा देऊन निघून गेले. पूर्ण अहवाल लोकांसमोर आला तो २०१७मध्ये, एका जर्मन दैनिकाच्या हाती लागल्यानंतर.

इतकं सगळं होऊन कोणत्याही देशाचं सरकार आत का शिरत नाही? कारण फिफाकडे एक फार मोठी ढाल आहे. तिचं नाव स्वायत्तता. स्विस कायद्याच्या दृष्टीने फिफा ही साधी नोंदणीकृत संस्था आहे. डोंगरातल्या गावच्या गायकमंडळाला जी कलमं लागू होतात तीच तिला. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्षाला अब्जावधी डॉलर मिळवणारं भजनी मंडळ. आणि या मंडळाचा नियम असा की सभासद देशाच्या संघटनेत सरकारने, न्यायालयाने, कोणत्याही ‘तिसऱ्या पक्षाने’ हस्तक्षेप केला तर तो देश निलंबित.

नियमामागचा विचार चुकीचा नाही. राजकारण्यांच्या हाती संघ गेला की काय होतं, ते इराकने पाहिलं आहे. सद्दाम हुसेनचा मुलगा उदय तिथे फुटबॉल चालवत होता, सामना हरला की खेळाडूंना मारहाण होई. १९९७मध्ये तक्रारी आल्यावर फिफाने दोन माणसं बगदादला पाठवली, खेळाडूंनी अर्थातच काही झालं नाही असं सांगितलं, आणि प्रकरण मिटलं. जिथे ढाल खेळाडूंसाठी पुढे करायची होती तिथे ती म्यानात राहिली, असं म्हटलं असतं, पण ढालीला म्यान नसतं. ती भिंतीवर टांगलेली राहिली म्हणू.

ती भिंतीवरून उतरली ती आपल्यासाठी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष, गोंदियाचे प्रफुल्ल पटेल यांची मुदत डिसेंबर २०२०मध्ये संपली, पण संघटनेच्या घटनेचा वाद न्यायालयात असल्याचं कारण पुढे करत निवडणूक झालीच नाही. २०१९पासून ते फिफाच्या कौन्सिलवरही, म्हणजे कारभारी मंडळावरही, होते. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कार्यकारिणीला बाजूला करून तीन जणांची प्रशासक समिती नेमली. नव्या निवडणुकीत राज्य संघटनांच्या ३६ प्रतिनिधींच्या जोडीला ३६ नामवंत माजी खेळाडूंनाही मत द्यावं, असं ठरलं. बारा वर्षं एकच माणूस अध्यक्ष असलेल्या संघटनेत खेळाडूंना आवाज मिळण्याची ती वेळ होती. न्यायालयाच्या समितीच्या हाती कारभार जाणं आणि ही मतदारयादी, दोन्ही फिफाला खटकलं. १५ ऑगस्ट २०२२ला, दिवसही काय निवडला, भारत निलंबित झाला.

त्या वेळी गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेला होता. मुली हॉटेलात सामान उघडून बसल्या होत्या. एकही सामना न खेळता त्या परतल्या. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक व्हायचा होता, तोही टांगणीला लागला. दबाव चोख बसला. २२ ऑगस्टला न्यायालयाने समिती बरखास्त केली, २६ ऑगस्टला बंदी उठली, आणि २ सप्टेंबरला झालेल्या निवडणुकीत फक्त राज्य संघटनांनी मतं दिली. मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांना ३३ मतं पडली, आणि ज्याच्या खेळाने एका पिढीला भारतीय फुटबॉल पाहायला लावलं त्या भाईचुंग भुतियाला १. विश्वचषक झाला, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनने कोलंबियाला हरवून चषक नेला, सगळं सुरळीत.

यात कोणी लाच खाल्ली असं मी म्हणत नाही. भारतीय प्रकरणाचा मुद्दा मुदत संपल्यावर खुर्ची न सोडण्याचा होता, पैशाचा नव्हता. पण स्वायत्तता कोणाची राखली गेली ते पाहा. न्यायालयाने मतदारयादीत खेळाडू आणले तर तो तिसऱ्या पक्षाचा हस्तक्षेप. मग ताश्कंदच्या हॉटेलातल्या त्या मुली फुटबॉलमधला कितवा पक्ष होत्या?

ब्लाटर गेल्यावर फेब्रुवारी २०१६मध्ये जियानी इन्फान्तिनो आले. युरोपीय फुटबॉल महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मिशेल प्लातिनी यांना दिलेल्या २० लाख फ्रँकच्या प्रकरणात ब्लाटर आणि प्लातिनी दोघांनाही स्विस न्यायालयांनी दोनदा निर्दोष सोडलं आहे, ही नोंद इथेच करून ठेवतो. फिफाची स्वतःची बंदी मात्र दोघांनाही भोगावी लागली. इन्फान्तिनो यांच्यावरही फौजदारी चौकशी सुरू झाली होती, तीही २०२३मध्ये काही न निघता बंद झाली. त्यामुळे त्यांना चोर म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. माझं म्हणणं त्याहून जास्त अस्वस्थ करणारं आहे. आता चोरी करायची गरजच उरलेली नाही.

निवडणुकीच्या भाषणात इन्फान्तिनो म्हणाले होते की फिफाचा पैसा तुमचा आहे, फिफाच्या अध्यक्षाचा नाही. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रत्येक संघटनेला चार वर्षांत ५० लाख डॉलर देण्याचं त्यांचं आश्वासन होतं. २०२३ ते २०२६ या काळासाठी तो आकडा जास्तीत जास्त ८० लाखांवर गेला. माँतसेरात या कॅरिबियन बेटाची लोकसंख्या पाच हजारांच्या आत-बाहेर आहे. तिथे ही रक्कम पुरेपूर पोहोचली तर माणशी दीड हजार डॉलरच्या वर पडतात. भारतात माणशी अर्धा सेंट. मत मात्र दोघांचं सारखं, आणि २११ मतं आहेत. या वाटपात पूर्वीपेक्षा नियम जास्त आहेत, लेखापरीक्षण आहे, हे कबूल करायला हवं. पण कॅरिबियन बेटावरच्या संघटनेचं सगळं वर्ष ज्या एका चेकवर चालतं, त्या चेकवर सही करणाऱ्याच्या विरोधात उभं राहायला तिथल्या पदाधिकाऱ्याकडे साधूचं मन लागेल. वॉर्नर यांच्या भाषेत, चर्च उघडावं लागेल.

आणि या सगळ्यावर नजर ठेवणाऱ्या कुंपणाचं काय झालं? मे २०१६मध्ये, म्हणजे इन्फान्तिनो आल्यावर तिसऱ्याच महिन्यात, मेक्सिको सिटीच्या सभेत एक ठराव झाला. ज्या स्वतंत्र समित्या कौन्सिलवर नजर ठेवतात त्यांचे सदस्य नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार कौन्सिललाच मिळाला. लेखा समितीचे प्रमुख डोमेनिको स्काला यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. वर्षभराने बहारीनमध्ये मनामाच्या सभेत नीतिसमितीचे दोन्ही प्रमुख, कॉर्नेल बोर्बेली आणि तेच ते एकर्ट, यांना मुदतवाढ नाकारली गेली. शेकडो प्रकरणं अर्धवट पडली आहेत, असं ते ओरडून सांगत होते. अध्यक्षाला तीनच कार्यकाळ, हा २०१६च्या सुधारणांतला दागिना. २०२२मध्ये असा निर्वाळा देण्यात आला की इन्फान्तिनो यांची पहिली तीन वर्षं पूर्ण कार्यकाळ नसल्यामुळे मोजायची नाहीत. २०१९ला पॅरिसमध्ये आणि २०२३ला किगालीत ते टाळ्यांच्या गजरात, समोर कोणी उमेदवारच नसताना, निवडले गेले.

२०३४चा विश्वचषक सौदी अरेबियाला कसा मिळाला, हे पाहणं मला आयएसएलच्या वह्यांहून जास्त उद्बोधक वाटतं, कारण त्यात एकही पाकीट नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये २०३०ची स्पर्धा मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगाल यांना द्यायचं ठरलं आणि विश्वचषकाच्या शताब्दीच्या नावाखाली उरुग्वे, अर्जेंटिना, पराग्वे यांना एकेक सामना. झटक्यात आफ्रिका, युरोप आणि दक्षिण अमेरिका २०३४च्या स्पर्धेतून बाद. उत्तर अमेरिका २०२६मुळे आधीच बाद. उरले आशिया आणि ओशेनिया, आणि त्यांनी इच्छा कळवायला चार आठवड्यांहून कमी मुदत. ऑस्ट्रेलियाने शेवटच्या दिवशी नाद सोडला. उमेदवार एकच उरला आणि फिफाच्याच परीक्षकांनी त्याला ५००पैकी ४१९.८ गुण दिले. टेंडरच्या अटी अशा लिहायच्या की एकच ठेकेदार पात्र ठरावा, ही कला आमच्या बांधकाम खात्याने शोधली असा माझा आजवर समज होता.

मग करायचं काय? छोट्या देशांची मतं काढून घ्या, हा उपाय मला मान्य नाही. तो पुन्हा राऊस यांच्या क्लबकडे नेतो. काढायचं असेल तर वाटपावरचं अध्यक्षाचं नाव काढा. अनुदानाचं सूत्र लोकसंख्या, गरज आणि महिला फुटबॉल यांवर ठरवून ते दहा वर्षांसाठी बांधून टाका आणि पैसे अशा न्यासाकडून जाऊ द्या, ज्याच्या विश्वस्तांना निवडणूक लढवता येत नाही. म्हणजे माँतसेरातचा चेक कोणीही निवडून आला तरी येणारच, आणि त्या दिवशी माँतसेरातचं मत खरोखर मोकळं होईल. प्रक्षेपणहक्कांचे सगळे करार, महासंघांचेसुद्धा, सहीच्या दिवशी खुले व्हावेत. सभासद संघटनांच्या मतदारयादीत खेळाडू असणं ही फिफाने अट करावी. २०२२मध्ये असं करू पाहणाऱ्या देशावर तिने बंदी घातली होती. आणि स्वित्झर्लंडने या संस्थेसाठी वेगळा कायदा करावा. खाजगी लाचेला त्यांनी २०१६पासून फौजदारी गुन्हा ठरवलं हे चांगलं झालं, पण भजनी मंडळाची नोंदणी अजून तशीच आहे.

यातलं काहीही फिफाची सभा स्वतः करणार नाही. न्यूयॉर्कच्या खटल्यांतून जप्त झालेल्या पैशातले २० कोटी १० लाख डॉलर अमेरिकी न्यायखात्याने २०२१मध्ये फिफाला आणि उत्तर व दक्षिण अमेरिकेच्या दोन महासंघांना परत द्यायचं ठरवलं, कारण कायद्याच्या नजरेत चोरी यांच्याकडे झाली होती. ज्यांच्या अध्यक्षांनी आणि उपाध्यक्षांनी खाल्लं, त्याच संस्था पीडित ठरल्या. ज्या आरशात स्वतःचा चेहरा पीडिताचा दिसतो, त्यात पाहून कोणी केस नीट करत नाही.

११ डिसेंबर २०२४ला २०३० आणि २०३४च्या यजमानांवर शिक्कामोर्तब करायला फिफाची सभा भरली, ती ऑनलाइन. दोन्ही स्पर्धांचा ठराव एकत्र होता आणि मतदान नव्हतं. पडद्यावरच्या चौकटींत बसलेल्या प्रतिनिधींनी कॅमेऱ्याला दिसतील अशा बेताने हात छातीपाशी धरून टाळ्या वाजवायच्या होत्या. त्यांनी त्या वाजवल्या. नॉर्वेच्या संघटनेने आधीच पत्र पाठवलं होतं की ही पद्धत आम्हाला मान्य नाही, आमचा विरोध इतिवृत्तात लिहून घ्यावा.